वजह सांगणारे मुंजाभाऊ

‘येईल’ या शब्दाइतका संतापजनक शब्द मराठीत दुसरा नसेल. नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माझं हे मत आहे आणि ते बनवलं बसस्टँडच्या चौकशी खिडकीनं. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. झरीच्या पुढं, जिंतूर रस्त्यावरच्या एका लहान गावात मी प्राथमिक शाळेवर शिक्षिका होते. राहायला वडिलांकडे, शहरात. सकाळी जिंतूर गाडीनं जायचं, संध्याकाळी कुठल्याही गाडीनं परत यायचं. तिकडं हेडमास्तर मस्टरपाशी घड्याळ घेऊन बसलेले. वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, तेव्हाच माझ्याकडे बोट दाखवून घरात जाहीर केलं होतं म्हणे, की हिला मास्तरीण करायची. त्यामुळे उशिराचा शेरा मला नुसता माझ्या नावापुढचा वाटत नसे. तो सगळ्या घराला बसल्यासारखा वाटायचा.

स्टँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली काही माणसं अजून आहेत, आणि जी नाहीत त्यांची मुलं भेटतात.

पहिल्याच आठवड्यात गाडी आली नाही. खिडकीपाशी गेले तर आत खुर्ची रिकामी. मी चौकटीवर टिचक्या मारत उभी राहिले. मागून आवाज आला, “बाई, खिडकीत काय हुडकायलाव? मी हितं हाय.”

वळून बघते तर खाकी कोटातला एक वाळका माणूस फलाटावर येरझाऱ्या घालतोय. गालात लवंग, कोटाचं मधलं बटन तुटलेलं, नजर रस्त्यावर. हे मुंजाभाऊ. हुद्दा कंट्रोलर, म्हणजे गाड्या लावायच्या, सोडायच्या आणि लोकांच्या शिव्या खायच्या.

“जिंतूर गाडी कधी येईल?” मी फणकाऱ्यानं विचारलं.

“ते मला ठाव न्हाई. पर कामून आली न्हाई ते ठाव हाय. थांबा, समद्यालाच सांगतो.”

ते आत गेले. माईकवर दोनदा फुंकर मारली आणि छपरावरच्या भोंग्यातून आवाज आला. “मुसाफिर मंडळी, ध्यान द्या. जिंतूर गाडी हाय, डिरायवर हाय, कंडक्टर हाय. डिझल न्हाई. वजह अशी, की काल टँकर आला न्हाई. आन टँकर आला न्हाई हे वर कळवायचं काम ज्यांचं हाय, ते काल गावाला गेल्ते. ते आज आलेत. तिसऱ्या खोलीत बसलेत. कुणाला काय इचारायचं आसंल तर दार उघडं हाय.”

तिसऱ्या खोलीत खुद्द डेपो मॅनेजर बसलेले. पाच मिनिटांत त्या दारात धोतरं, लुगडी, पिशव्या, एक करडू, अशी सगळी सभा भरली. मीही होते, खोटं कशाला बोलू. साहेबांनी फोन फिरवला आणि घंटाभरात कुठून तरी डिझेल आलं. मला शेरा बसायचा तो बसलाच, पण त्या दिवशी मी शाळेत हसतमुखानं गेले.

मुंजाभाऊ निजामाच्या राजवटीतल्या शाळेत शिकलेले. उर्दूत चार यत्ता काढल्यामुळे प्रवाशाला ते मुसाफिर म्हणायचे, तासाला घंटा आणि कारणाला वजह. “गाडी उशिरा आली तर मानूस थांबंल,” ते म्हणायचे, “पर वजह न्हाई कळली तर मानूस झुरतोय. त्याला वाटतं, आपलंच काय तरी चुकलं. बरूबर हाय का न्हाई?” हे ‘बरूबर हाय का न्हाई’ विचारताना ते उत्तरासाठी थांबत नसत. तोवर दुसऱ्या टोकाला पोचलेले असत.

स्टँडवर त्यांना बसलेलं मी कधी बघितलं नाही. त्यांच्या खुर्चीत कायम कुणीतरी म्हातारी पाय वर घेऊन बसलेली. चहा ते उभ्यानं घ्यायचे आणि अर्धा कप कुठल्या तरी खांबाशी विसरायचे. गाडी यायला उशीर झाला की फाटकापर्यंत जायचे, कपाळावर हात धरून रस्ता बघायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. त्यांना बघून आपल्यालाही बसवत नसे. आम्ही रोजचे प्रवासी त्यांच्यामागं आपोआप चालायला लागायचो, आणि मग एका वाळक्या माणसामागं दहा-बारा जण फलाटावर फेऱ्या घालतायत असं दृश्य दिसायचं. नव्या माणसाला वाटायचं, इथं कसली तरी प्रदक्षिणा चालू आहे.

त्यांच्या मुलीच्या लग्नाला मी गेले होते. पंगत लांबली, वऱ्हाडी कुरकुरायला लागले. एरवी वधूपिता अशा वेळी हात जोडत फिरतो. मुंजाभाऊ बाजेवर चढून उभे राहिले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, “मंडळी, वरण करपलंय. वजह अशी, आचारी चांगला हाय. चुलीपशी मी थांबतो म्हनलो आन स्टँडवर चक्कर मारून यायला गेलो. दुसरं वरण चढवलंय. तोवर पानी घ्या.” व्याही आधी बघतच राहिले आणि मग पोट धरून हसले. मुंजाभाऊंची बायको, गयाबाई, माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “बघा बाई. ह्यांच्यासंगं संसार म्हंजी रोज पंचनामा.” पण म्हणताना त्यांचा चेहरा कौतुकाचा होता.

डेपोत मात्र कौतुक वगैरे काही नव्हतं. डेपोचं एक ठरलेलं उत्तर होतं: गाडी नादुरुस्त. पंप खरंच बिघडलेला असो की ड्रायव्हर झोपलेला असो, लोकांना सांगायचं एकच, गाडी नादुरुस्त. हे सोयीचं होतं. लोखंडाला कुणी जाब विचारत नाही. मुंजाभाऊंनी ते उत्तर जन्मात दिलं नाही. एकदा वालूरच्या दोन फेऱ्या अचानक रद्द झाल्या. आठवडी बाजार, माणसं भाजीच्या टोपल्यांसकट अडकलेली. भोंग्यातून आवाज आला, “वालूरच्या दोन्ही गाड्या धडधाकट हायेत. त्या सभेला वालूरकडची मानसं भरून आणायला गेल्यात. ज्याला वालूरला लवकर जायाचंय त्यानं सभेच्या मैदानावर जावं. सभा सुटली की गाड्या तिकडंच सोडायला जातेत.” आणि लोक गेले की! टोपल्या डोक्यावर घेऊन शंभरेक बाया-माणसं सभेच्या मैदानावर जाऊन बसली. पुढाऱ्याला वाटलं, गर्दी आपल्यासाठी जमली. त्यानं भाषण आणखी लांबवलं, असं दुसऱ्या दिवशी एका भाजीवालीनं मुंजाभाऊंना शिव्या देत सांगितलं.

मग आणीबाणी आली. आमच्या डेपोत तिचा अर्थ असा निघाला, की यापुढं गाडी उशिरा येणारच नाही. म्हणजे यायची, पण फळ्यावर ‘वेळेवर’ असंच लिहायचं. भोंग्यावरून वजह सांगायची नाही, अशी तंबी मॅनेजरनं मुंजाभाऊंना दिली. त्यांनी ऐकलं नाही. एका सकाळी आम्ही येऊन बघतो तर माईक गायब. ‘दुरुस्तीला पाठवला आहे’ अशी पाटी लावलेली. मुंजाभाऊ पाटीखालीच येरझाऱ्या घालत होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, “दुरुस्तीला न्हाई गेला. काढून घेतलाय. कपाटात हाय. कपाटाची चावी तिसऱ्या खोलीत हाय.” ते दिवस असे, की माणसं स्टँडसमोरच्या वडाखाली बोलतानासुद्धा मागं वळून बघायची. माझ्या वडिलांनी मला बजावलं, त्या माणसाशी फार बोलत उभी राहू नकोस. मी उभी राहायचे, पण खरं सांगायचं तर एक डोळा फाटकाकडं ठेवून. मुंजाभाऊ दीड वर्ष घशानं ओरडत राहिले. एकेका बाकड्यापाशी जाऊन, एकेका घोळक्यात शिरून गाडी कुठं अडकली ते सांगायचे. आवाज कायमचा बसला. आणीबाणी उठली, माईक कपाटातून बाहेर आला, तेव्हा भोंग्यातून जी खरखर आली ती आधी आम्हाला माईकचीच वाटली.

त्या वर्षीची दिवाळी झाली आणि ऊसतोडीची माणसं निघाली. दरवर्षी हे दिवस स्टँडवर वाईट. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोघांतलं एक नसलं तर मुकादम जोडी घेत नाही. गावोगावच्या अशा जोड्या बोचकी, भांडी, शेळ्या घेऊन जिंतूरला जायच्या. तिथं मुकादमाचे ट्रक दिवस मावळायच्या आत निघायचे. ट्रक चुकला की हंगाम गेला.

त्या दिवशी दुपारच्या गाडीला फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. मी शाळेच्या कामानं शिक्षण खात्यात आले होते आणि शाळेकडं परत निघाले होते. माझ्या शाळेच्या गावची कौसाबाई आणि तिचा नवरा सटवा तिथंच उभे होते; भरलेली गाडी वाटेत गावाला थांबत नाही म्हणून दोघं सकाळीच इथं आले होते. ती मला म्हणाली, “बाई, गाडी जायना का वो? ट्रक निघून जाईल ना.” गाडी फलाटाला लागलेली होती. ड्रायव्हर गफारभाई मात्र वर चढेनात. ते मुंजाभाऊंना बाजूला घेऊन बोलत होते आणि मी अगदी शेजारी होते.

“मुंजाभाई, ब्रेक बराबर न्हाई. दोनदा पाय मारला तवा लागायलाय. एवढा लोड घेऊन मी जायचो न्हाई.”

“वर्कशॉपला दाखवली?”

“ते म्हणायलेत, चालतंय. त्यांना काय, गाडी त्यांना थोडीच न्यायचीय?”

दुसरी गाडी संध्याकाळशिवाय नव्हती. लोकांना वाटलं, पुन्हा काहीतरी अडवाअडवी चालली आहे. गलका सुरू झाला. आणि मग कुणीतरी ओरडलं, “मुंजाभाऊ हायेत ना! मुंजाभाऊ सोडतेत गाडी! डेपोत येकच मानूस हाय आपला!” बाकीच्यांनी ते उचललं. मुंजाभाऊ, मुंजाभाऊ असा एकच आवाज. एका म्हाताऱ्यानं त्यांच्या पायाला हात लावला.

ते माईककडं गेले. मला वाटलं, आता सांगतील. माईक हातात घेतला, फुंकर मारली आणि म्हणाले, “जिंतूर गाडी सुटायलीय. मुसाफिर मंडळी, बसून घ्या.” मग बाहेर येऊन गफारभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. “सावकाश न्या. माझी जिम्मेदारी.”

मला गाडीत जागा मिळाली नाही. गाडी गेली. मुंजाभाऊ फाटकापर्यंत तिच्यामागं चालत गेले आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले.

झरी सोडल्यावरच्या उतारावर समोर बैलगाडी आली. गफारभाईंनी ब्रेक मारला, पुन्हा मारला, आणि मग गाडी रस्त्याखालच्या शेतात घातली. ती कलंडली. माणूस कुणी गेलं नाही, हे खरं. पण पाच-सहा जणांची हाडं मोडली आणि कौसाबाईचा उजवा हात खिडकीच्या गजाखाली आला. दवाखान्यात तो मनगटापासून काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी डेपोनं जाहीर केलं, गाडी निर्दोष होती, ड्रायव्हर बेफाम होता. गफारभाईंना पोलिसांनी आत घेतलं. वर्कशॉपवाले म्हणाले, आमच्याकडं तक्रार आलीच नाही. आता राहिले एक मुंजाभाऊ. गफारभाईंनी ब्रेकचं सांगितलं होतं असं त्यांनी म्हटलं, तर गाडी सोडणारे म्हणून दोष त्यांच्यावर. गप्प बसले, तर ड्रायव्हरची नोकरी जाणार, वर तुरुंग. गफारभाईंच्या घरात खाणारी नऊ तोंडं. मुंजाभाऊंच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरलेले. मॅनेजरनं त्यांना तिसऱ्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं, आणि काय सांगितलं असेल ते आम्हा सगळ्यांना बाहेरूनच कळलं.

ते काही दिवस मला अजून नको वाटतात. मुंजाभाऊ ड्युटीवर यायचे, गाड्या लावायचे, सोडायचे. वजह सांगायचे नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, “येईल.” त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकून माझ्या डोक्यात सणक गेली. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, “मुंजाभाऊ, मी तिथं होते. गफारभाई काय बोलले ते मी ऐकलंय. चौकशी लागली की मी सांगणार.”

ते म्हणाले, “तुमी कामून सांगायलाव? गाडी तुमी सोडली का?” आणि चालू लागले.

चौकशीला डिव्हिजनचे दोन साहेब आले, तो बाजाराचा दिवस होता. मीही रजा टाकून थांबले होते. साहेब तिसऱ्या खोलीत चहा घेत होते. मुंजाभाऊंना अजून आत बोलावलं नव्हतं. ते फलाटावर फिरत होते, एकदा, दोनदा, आणि एकाएकी वळून माईकपाशी गेले. फुंकर मारली नाही.

“मुसाफिर मंडळी, ध्यान द्या. जिंतूर गाडी पडली त्याची वजह सांगायची ऱ्हायलीय. ब्रेक बरूबर न्हाई हे गफारभाईनं मला सांगितलं व्हतं. ते न्यायला तयार नव्हते. गाडी मी सोडली. वर्कशॉपनं तपासली का न्हाई ते मी बघितलं न्हाई. तुमाला ह्याच माईकवर मी बसा म्हनलो, आन ब्रेकचं सांगितलं न्हाई. सांगितलं आसतं तर निम्मी मानसं उतरली आसती, गाडी हलकी झाली आसती. गफारभाईचा कसूर न्हाई. आत सायब बसलेत, त्यांनीबी ऐकून घ्यावं.”

तिसऱ्या खोलीचं दार उघडलं. साहेब कपबशी हातात घेऊन उंबऱ्यात आले. शाबासकी कुणी दिली नाही, कुणी शिवीही दिली नाही. मग गर्दीतून सटवा पुढं आला. बायकोच्या औषधासाठी तो रोज येत होता. तो माईकपाशी गेला आणि अगदी साध्या आवाजात त्यानं विचारलं. माईक चालूच असल्यामुळे ते भोंग्यातून सगळ्यांनी ऐकलं.

“मंग आमाला तवाच कामून न्हाई सांगितलं, मुंजाभाऊ?”

सटवा वाट बघत उभा राहिला. कुणीतरी माईक बंद केला.

गफारभाई सुटले आणि पुन्हा गाडीवर चढले. पण मुंजाभाऊंशी ते बोलले नाहीत. “इतके दिवस मी आत बसलो,” एवढंच त्यांनी एका कंडक्टरजवळ म्हटलं, आणि त्यांचंही काही चुकलं असं मला वाटत नाही. मुंजाभाऊंना त्याच दिवशी सस्पेंड केलं, मग कामावरूनच काढलं. वर्कशॉपच्या कुणाला काही झालं नाही. चौकशी खिडकीत नवा माणूस आला. तो बसून असायचा.

त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं. उन्हाळा लागला होता, सकाळच्या शाळा. जिंतूर गाडीत माझ्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं. बघते तर मुंजाभाऊ. खाकी कोट नाही, साधा पांढरा सदरा. बसले होते, पण गुडघा हलत होता. त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

“कुठं निघालात?”

“तुमच्याच गावाला. सटवाकडं.”

गाडी झरीला थांबली, सुटली. उतार आला. ते खिडकीबाहेर बघत नव्हते.

“त्यानं इचारलं व्हतं ना,” ते आपणहून म्हणाले. “त्याला वजह सांगायचीय.”

“मग त्या दिवशी का नाही सांगितली?”

“त्या दिशी मलाच गावली नव्हती. लय हुडकली, बाई. लोकाचा ट्रक चुकंल म्हनून सोडली आसं आदी वाटलं. मंग वाटलं, वर्कशॉपवर भरवसा ठिवला. पर तसं न्हाई.” गुडघा थांबला. “ते समदे माझं नाव घ्यायले व्हते. मुंजाभाऊ, मुंजाभाऊ. मला ग्वाड वाटलं. ब्रेकचं सांगितलं आसतं तर त्यांनी नाव घ्यायचं थांबवलं आसतं. येवढीच वजह हाय.”

एवढ्याशा गोष्टीपायी हात गेला, असं मनात आलं आणि त्यांच्या मनात ते माझ्या आधी शंभरदा येऊन गेलेलं दिसत होतं.

“हे त्यांना सांगणार?” मी शेवटी विचारलं.

“हात त्यांचा गेलाय. मंग वजह त्यांची न्हाई का?”

या वेळी ते उत्तरासाठी थांबले. मी मान डोलावली.

गाव आलं. आम्ही दोघं उतरलो. माझी वाट शाळेकडं, त्यांची वस्तीकडं. शाळेची घंटा झाली होती, तरी मी तिथंच उभी राहिले. वस्तीच्या तोंडाशीच असलेल्या सटवाच्या घरासमोर कौसाबाई एकटीच दगडावर बसून डाव्या हातानं ज्वारी पाखडायचा प्रयत्न करत होती आणि सूप सारखं कलत होतं. मुंजाभाऊ तिच्यापासून चार हातांवर उभे राहिले. ते बोलायला लागले. बसलेल्या आवाजामुळे मला काही ऐकू आलं नाही. पण ते येरझाऱ्या घालत नव्हते, एका जागी उभे होते. कौसाबाईनं मध्येच सूप खाली ठेवलं. ती त्यांच्याकडं बघत ऐकत राहिली, सगळं ऐकून घेतलं, आणि मग उठून घरात गेली. मुंजाभाऊ उन्हात तसेच उभे होते. दार तिनं लावलं नव्हतं.